डेव्हिड रॉकफेलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेचे अध्यक्ष डेव्हिड रॉकफेलर (१९१५–२०१७) यांच्याविषयी वाचक सतत प्रश्न पाठवत असतात. काही विद्यार्थ्यांचे, काही बँकेत नोकरी करणाऱ्यांचे आणि बरेचसे व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर वाचून पडलेले. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रॉकफेलर म्हणजे ते तेलवालेच ना?

तेलवाले ते यांचे आजोबा, जॉन डी. रॉकफेलर. त्यांची स्टँडर्ड ऑइल एवढी फोफावली की १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचे तुकडे करायला लावले. मुलगा जॉन डी. ज्युनियर धंद्यापेक्षा दानधर्मात आणि बांधकामात रमला. न्यूयॉर्कचं रॉकफेलर सेंटर त्यानेच उभारलं. डेव्हिड हे ज्युनियर यांच्या सहा मुलांतलं शेंडेफळ, जन्म १२ जून १९१५. पाच भावांपैकी बँकेत आयुष्य घालवणारे तेवढे हेच.

२. घराणं उद्योगपतींचं, मग 'राजकीय घराणं' का म्हणतात?

राजकारण आधी आईकडून आलं. आई ॲबी ही सिनेटर नेल्सन ऑल्ड्रिच यांची मुलगी. ऑल्ड्रिच १८८१ ते १९११ अशी सलग तीस वर्षं ऱ्होड आयलंडचे सिनेटर होते. १९१० मध्ये जेकिल बेटावर निवडक बँकर्सना घेऊन त्यांनी जी गुप्त बैठक भरवली, तिच्यातूनच पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या आराखड्याची चर्चा सुरू झाली. नातवाच्या जन्माच्या दोनच महिने आधी ते वारले.

पुढची पिढी तर थेट सत्तेत होती. थोरला भाऊ नेल्सन १९५९ ते १९७३ न्यूयॉर्कचा गव्हर्नर आणि १९७४ ते १९७७ देशाचा उपराष्ट्राध्यक्ष. दुसरा भाऊ विन्थ्रॉप १९६७ ते १९७१ आर्कान्सॉचा गव्हर्नर. पुतण्या जे रॉकफेलर आधी वेस्ट व्हर्जिनियाचा गव्हर्नर आणि मग २०१५ पर्यंत सिनेटर, तोही डेमोक्रॅटिक पक्षाचा, म्हणजे रिपब्लिकन काकांच्या विरुद्ध बाकावरचा. मामा विन्थ्रॉप ऑल्ड्रिच चेस बँकेचे अध्यक्ष होते आणि नंतर ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. बँक आणि सरकार या दोन्ही वाटा या घरात एकाच जेवणाच्या टेबलावरून निघत होत्या. पुढची बहुतेक उत्तरं समजायला एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

३. लहानपण लाडात गेलं असेल ना?

सोयींची कमतरता नव्हतीच. मॅनहॅटनमधलं घर नऊ मजली होतं. ते पाडल्यावर त्या जागेवर आधुनिक कला संग्रहालयाची, म्हणजे मोमाची, शिल्पबाग झाली. मुलं फिफ्थ ॲव्हेन्यूवरून चाकांचे बूट घालून शाळेला निघायची आणि दमली तर बसता यावं म्हणून मागून मोटार हळूहळू यायची. पण वडील हिशेबाला कडक होते. खाऊच्या पैशांतला ठरावीक भाग शिलकीत, ठरावीक भाग दानात आणि प्रत्येक सेंटची नोंद वहीत.

शिक्षण हार्वर्ड, नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (तिथे फ्रीडरिख हायेक त्यांचे शिक्षक होते) आणि १९४० मध्ये शिकागो विद्यापीठाची अर्थशास्त्रातली पीएच.डी. वडिलोपार्जित पैशावर बसून राहण्याची मुभा असलेल्या माणसाने अर्थशास्त्राचा प्रबंध पुरा केला, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

४. मामा अध्यक्ष म्हटल्यावर बँकेत थेट वरच्या खुर्चीत बसले असतील?

थेट नाही, पण जिना त्यांच्यासाठी मोकळा होता. त्याआधी त्यांनी न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांच्या कचेरीत वर्षाला एक डॉलर मानधनावर काम केलं. १९४२ मध्ये साधे शिपाई म्हणून सैन्यात भरती झाले, उत्तर आफ्रिका आणि फ्रान्समध्ये गुप्तवार्ता विभागात राहिले आणि कॅप्टन होऊन परतले. १९४६ मध्ये चेस नॅशनल बँकेच्या परदेश विभागात सहायक व्यवस्थापक म्हणून लागले. अधिकाऱ्यांमधली ती सर्वांत खालची पायरी. कामावर भुयारी रेल्वेने जायचे.

१९६० मध्ये बँकेचे प्रेसिडेंट (अध्यक्षाच्या खालचं पद), १९६९ मध्ये अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी, १९८१ मध्ये निवृत्ती. त्यांनी काम मनापासून शिकून घेतलं हे खरं. आणि दुसऱ्या आडनावाचा तितकाच हुशार माणूस इतक्या लवकर तिथे पोचला नसता, हेही खरं.

५. चेस बँक रॉकफेलरांच्या मालकीची होती का?

नव्हती. ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती आणि घराण्याकडे समभागांचा लहानसाच हिस्सा होता. तरी लोक तिला 'रॉकफेलरांची बँक' म्हणायचे, कारण घराण्याची वट त्या हिश्श्याच्या कितीतरी पट होती. आपल्याकडे मालकी म्हणजे समभागांची टक्केवारी असं समजून लोक हिशेब मांडतात. इथे तो हिशेब अपुरा पडतो.

६. ते चांगले बँकर होते का?

बँकेला जगभर नेण्यात ते कोणालाही हार गेले नसते. बँक घरात बसून चालवण्यात मात्र ते कमी पडले. त्यांच्या काळात सिटीबँक चेसच्या पुढे निघून गेली. सत्तरच्या दशकाच्या मध्यात स्थावर मालमत्तेला दिलेली कर्जं बुडू लागली. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये बँकेने जाहीर केलं, की आपल्याकडच्या रोख्यांची किंमत ३.४ कोटी डॉलरनी फुगवून मांडली गेली होती. १९७६ च्या जानेवारीत तर सरकारी तपासनिसांच्या 'अडचणीतल्या बँकां'च्या यादीत चेसचं नाव असल्याची बातमी वृत्तपत्रात झळकली.

अध्यक्ष सतत परदेशात, मग घरी लक्ष कोण देणार, अशी टीका भागधारक उघडपणे करत होते. ती मला रास्त वाटते. निवृत्तीच्या सुमाराला नफा पुन्हा सावरला होता, पण पहिला नंबर काही परत मिळाला नाही.

७. एवढी ओळख, एवढा पैसा, मग स्वतः निवडणूक का लढवली नाही?

निवडणूक तर सोडाच, आयती आलेली पदंही त्यांनी नाकारली. रॉबर्ट केनेडींच्या हत्येनंतर १९६८ मध्ये रिकामी झालेली सिनेटची जागा भरण्याचा अधिकार गव्हर्नर म्हणून भाऊ नेल्सनकडे होता. त्याने ती देऊ केली, डेव्हिड नको म्हणाले. अर्थमंत्रिपद राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देऊ केलं, नंतरचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीही. कार्टर यांनी मध्यवर्ती बँकेचं अध्यक्षपदही देऊ केलं होतं.

त्यांच्या नकाराकडे लोक विनम्रता म्हणून बघतात. मला त्यात शहाणा हिशेब दिसतो. मंत्री चार वर्षांनी जातो, त्याला संसदेपुढे उत्तरं द्यावी लागतात. चेसच्या अध्यक्षाला दुसऱ्या देशाचे राजे आणि राष्ट्राध्यक्ष तितक्याच आदराने भेटत होते आणि बाहेर आल्यावर कोणी जाब विचारत नव्हतं. नेल्सनने १९६०, १९६४ आणि १९६८ असा तीनदा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी जोर लावला आणि तिन्ही वेळा पक्षाने त्याला मागे ठेवलं. धाकट्या भावाने हे सगळं जवळून पाहिलं होतं.

८. इराणच्या ओलीस प्रकरणात त्यांचं नाव का येतं?

सर्वांत जास्त पत्रं याच प्रश्नाची येतात आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत जड प्रसंग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

इराणचे शाह चेसचे मोठे ग्राहक होते. इराण सरकारला कर्ज देणाऱ्या बँकांच्या गटांत चेस आघाडीवर असे. १९७९ च्या जानेवारीत क्रांतीमुळे शाह देश सोडून निघाले आणि इजिप्त, मोरोक्को, बहामा, मेक्सिको असे भटकत राहिले. त्यांना अमेरिकेत घेतलं तर तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासावर संकट येईल, या भीतीने कार्टर त्यांना आत घ्यायला तयार नव्हते.

डेव्हिड रॉकफेलर, माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि चेसचे माजी अध्यक्ष जॉन मॅक्लॉय या तिघांनी मग सरकारवर सतत दबाव ठेवला. एप्रिलमध्ये डेव्हिड यांनी स्वतः कार्टर यांची भेट घेऊन विषय काढला. शाहांसाठी राहण्याची जागा, डॉक्टर, प्रवास ही सगळी धावपळ डेव्हिड यांचे सहायक जोसेफ रीड बघत होते. अनेक वर्षांनी रीड यांची कागदपत्रं खुली झाली, तेव्हा या खटपटीला सांकेतिक नाव होतं आणि त्यात शाहांना 'गरुड' म्हणत, हेही उघड झालं.

शाहांना कर्करोग आहे हे कळल्यावर कार्टर नमले. २२ ऑक्टोबर १९७९ ला शाह न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दाखल झाले. ४ नोव्हेंबरला तेहरानमधल्या दूतावासात जमाव घुसला. ५२ अमेरिकी माणसं ४४४ दिवस ओलीस राहिली.

दहा दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, कार्टर यांनी अमेरिकी बँकांमधला इराणचा पैसा गोठवला. इराणला व्याज भरणं अशक्य झालं आणि चेसने इराणचं ५० कोटी डॉलरचं कर्ज थकीत ठरवून हाताशी असलेल्या ठेवींतून येणं वळतं करून घेतलं.

मित्राला आजारपणात आसरा मिळवून दिला, एवढंच आपण केलं, असं डेव्हिड शेवटपर्यंत सांगत राहिले. बँकेच्या फायद्यासाठीच हे घडवलं, असा आरोप करणारेही पुष्कळ आहेत. हेतूचा निवाडा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. कोणीही निवडून न दिलेल्या माणसाने, स्वतःच्या बँकेचा पैसा ज्या देशात गुंतला आहे त्या देशाबाबत, राष्ट्राध्यक्षाचा निर्णय बदलवण्यासाठी महिनोन्महिने खटपट करावी, हे चुकीचंच होतं. मैत्री खरी असली तरीही.

९. पक्के भांडवलदार, मग कम्युनिस्टांशी व्यवहार कसे केले?

हसतमुखाने केले. १९६४ मध्ये ते क्रेमलिनमध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांना भेटले, तेव्हा मुलगी नेव्हा शेजारी बसून टिपणं घेत होती. काही महिन्यांतच ख्रुश्चेव पदावरून गेले. १९७३ मध्ये चेसचं मॉस्को कार्यालय सुरू झालं, पत्ता १, कार्ल मार्क्स चौक. त्याच वर्षी ते बीजिंगला जाऊन चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना भेटले आणि बँक ऑफ चायनाशी चेसचे संबंध जुळले.

जिथे सरकार आहे तिथे बँकेने असावं, सरकार कसं आहे हे पाहू नये, ही त्यांची भूमिका होती. दक्षिण आफ्रिकेबाबतही त्यांनी तीच ठेवली. वर्णद्वेषी राजवटीला कर्ज दिल्याबद्दल १९६५ च्या मार्चमध्ये विद्यार्थ्यांनी चेसच्या दारात धरणं धरलं आणि अटक करून घेतली. तिथे विद्यार्थ्यांचं म्हणणं बरोबर होतं.

१०. ते आणि त्यांचा गुप्त गट जग चालवत होता, हे खरं का?

गट होते आणि ते पुरेसे उघड होते. परराष्ट्र संबंध परिषद या अमेरिकी खासगी अभ्याससंस्थेचे ते १९७० ते १९८५ अध्यक्ष होते. युरोप-अमेरिकेतल्या बड्या मंडळींच्या बिल्डरबर्ग बैठकांना जात. १९७३ मध्ये त्यांनी झ्बिग्निएव ब्रेझिन्स्की यांच्या साथीने त्रिपक्षीय आयोग स्थापन केला. त्यात उत्तर अमेरिका, युरोप आणि जपानमधली वजनदार मंडळी होती, जॉर्जियाचे तेव्हाचे गव्हर्नर जिमी कार्टर हेही होते.

'गुप्त कट' म्हणणाऱ्यांना त्यांनी २००२ च्या आत्मचरित्रात उत्तर दिलं. जग अधिक एकत्र यावं म्हणून काम करणं हा आरोप असेल, तर तो मान्य आहे आणि त्याचा अभिमानही आहे, असं त्यांनी लिहिलं. कटाचे मजकूर लिहिणारे यातला अर्धा भाग कापून फिरवतात. माझ्या मते कटाच्या कथांनी सर्वांत मोठं नुकसान हे केलं, की खरे प्रश्न मागे पडले. प्रश्न ८ मधला प्रकार नावानिशी, तारखेनिशी नोंदलेला आहे, त्याला कोणत्याही गुप्त गटाची गरज पडली नाही.

११. त्यांच्या ओळखींची मोठी कार्डपेटी होती म्हणतात, ती काय भानगड?

ती खरीच होती. भेटलेल्या प्रत्येक माणसाचं कार्ड: कधी भेटलो, कुठे, काय बोलणं झालं. लाखभर माणसांच्या नोंदी जमल्या आणि फिरत्या पेट्यांचा साठा माणसाच्या उंचीला पोचला. एकट्या किसिंजर यांच्या नावावर ३५ कार्डं. एखाद्या देशात उतरण्यापूर्वी सहायक ती कार्डं काढून देत आणि वीस वर्षांनी भेटलेल्या मंत्र्याला जुनी भेट आठवून दाखवली जाई. शाखेत वर्षानुवर्षं काम केलेल्या कुठल्याही मॅनेजरला हे पटेल, की ग्राहकाची आठवण ठेवणं ही अर्धी बँकिंग आहे.

१२. त्यांची संपत्ती किती होती? जगातले सर्वांत श्रीमंत होते का?

मृत्यूच्या वेळी फोर्ब्सने ३३० कोटी डॉलर धरली होती. जगातल्या श्रीमंतांच्या पहिल्या ५०० मध्येही ते नव्हते, मात्र अब्जाधीशांत वयाने सर्वांत मोठे होते. मूळ पैसा मुख्यतः वडिलांनी १९३४ मध्ये केलेल्या विश्वस्त निधीतून आला. 'लाखो कोटींची लपवलेली संपत्ती' असले आकडे कुठल्याही नोंदीत सापडत नाहीत.

१३. त्यांचं हृदय सहा-सात वेळा बदललं होतं, खरं का?

खोटं. एका विडंबन संकेतस्थळाने रचलेली बातमी होती, ती लोकांनी खरी समजून जगभर फिरवली. २० मार्च २०१७ ला, वयाच्या १०१ व्या वर्षी, पोकँटिको हिल्सच्या घरी झोपेत त्यांचं निधन झालं. कारण हृदय निकामी होणं.

१४. चित्रं खरोखर आवडत होती की गुंतवणूक म्हणून घेतली?

आवड आईकडून आली. १९२९ मध्ये मोमा स्थापन करणाऱ्या तिघींपैकी एक ॲबी रॉकफेलर होत्या. डेव्हिड यांनी १९६० मध्ये मार्क रॉथ्कोचं एक चित्र १० हजार डॉलरच्या आत घेतलं आणि ते बँकेतल्या कचेरीत लावलं. २००७ मध्ये ते ७ कोटी २८ लाख डॉलरना विकलं गेलं.

१९६८ मधला प्रसंग मला फार आवडतो. लेखिका गर्ट्रूड स्टाइन यांचा संग्रह काही जणांनी मिळून विकत घेतला. कोणी आधी निवडायचं हे ठरवायला जुन्या फेल्ट हॅटमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. पहिला नंबर डेव्हिड यांना लागला आणि त्यांनी पिकासोची फुलांची परडी घेतलेली मुलगी उचलली. २०१८ च्या मे महिन्यात क्रिस्टीजच्या लिलावात तिला ११.५ कोटी डॉलर आले. पत्नी पेगी आणि त्यांचा संग्रह मिळून ८३ कोटींहून अधिक डॉलर झाले, एकाच घरच्या संग्रहाचा तोवरचा उच्चांक. पैसा धर्मादाय कामाला गेला.

१५. दान केलं की फक्त कर वाचवला?

दोन्ही झालं. अमेरिकी कायदा दानावर करसवलत देतो आणि त्यांच्या सल्लागारांनी ती सोडली असेल असं समजणं भाबडेपणा होईल. पण रॉकफेलर विद्यापीठ, मोमा आणि हार्वर्ड यांना प्रत्येकी १० कोटी डॉलरचे शब्द दिले गेले, संशोधन आणि शिकवण्याचं काम त्यातून झालं. लिलावाबद्दल प्रश्न १४ पाहा.

१६. वर्ल्ड ट्रेड सेंटरशी त्यांचा काय संबंध?

लोअर मॅनहॅटनमधून मोठ्या कंपन्या बाहेर पडू लागल्या होत्या, तेव्हा चेसने तिथेच ६० मजली मुख्यालय बांधलं. आजूबाजूचा भाग ओस पडला तर त्या इमारतीची किंमत काय राहील? म्हणून १९५८ मध्ये डेव्हिड यांनी तिथल्या व्यावसायिकांची संघटना उभी केली आणि व्यापार केंद्राची कल्पना पुढे रेटली. बांधलं ते पोर्ट ऑथॉरिटीने. नेल्सन तेव्हा गव्हर्नर आणि राज्य सरकारने एका मनोऱ्यात भरपूर जागा भाड्याने घेतली. लोक जुळ्या मनोऱ्यांना 'डेव्हिड' आणि 'नेल्सन' म्हणत.

त्या जागेवर आधी रेडिओ रो होती, रेडिओचे सुटे भाग आणि दुरुस्तीची शेकडो दुकानं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी एखादा कंडेन्सर शोधत दुपार घालवली आहे, त्यांना काय गेलं ते वेगळं सांगायला नको. दुकानदार कोर्टात लढले आणि हरले.

१७. भुंगेऱ्यांचा छंद होता हे खरं का?

अगदी खरं. सात-आठ वर्षांचे असल्यापासून भुंगेरे जमवत. राजे-पंतप्रधानांच्या भेटीला जातानाही छोटी बाटली जवळ असायची. सुमारे दीड लाख नमुने हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाला गेले. संशोधकांनी काही जातींना त्यांचं नाव दिलं.

१८. चेस बँक आजही आहे ना? मग ती तीच का?

नाव तेच, संस्था बरीच वेगळी. १९५५ मध्ये चेस नॅशनल आणि बँक ऑफ द मॅनहॅटन कंपनी एकत्र येऊन चेस मॅनहॅटन झाली. त्यातली दुसरी ॲरन बर यांनी १७९९ मध्ये पाणीपुरवठा कंपनी म्हणून सुरू केली होती. १९९६ मध्ये केमिकल बँकेने चेसला गिळलं, पण नाव चेसचंच ठेवलं. २००० च्या अखेरीस जे. पी. मॉर्गनशी जोडणी होऊन आजची जेपीमॉर्गन चेस झाली. तिच्यावर घराण्याचं नियंत्रण नाही.

१९. पुण्यातली विषाणू संस्था आणि चित्रकार गायतोंडे यांना मदत करणारे रॉकफेलर हेच का?

घराणं तेच, माणसं वेगळी. पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढलं. क्यासनूर जंगलातल्या तापाचा विषाणू १९५७ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनीच ओळखला. १९७८ मध्ये त्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली. फाउंडेशन हे आजोबांनी १९१३ मध्ये स्थापन केलेलं, आणि पन्नास-साठच्या दशकांत त्याचे अध्यक्ष होते थोरले बंधू जॉन डी. तिसरे.

वासुदेव गायतोंडे यांना १९६४ मध्ये न्यूयॉर्कला नेणारी शिष्यवृत्तीही याच जॉन यांच्या निधीची. नागपुरात जन्मलेला, मूळ गोव्याच्या घरातला आणि जे. जे. मध्ये शिकलेला हा चित्रकार त्यामुळे तिथे राहून काम करू शकला. पाठोपाठ अकबर पदमसी आणि तैयब मेहता हेही त्याच निधीवर अमेरिकेला गेले.